निळ्या खुर्चीतली बाई कुठे गेली?

१

भिंत रिकामी होती.

सकाळचे अकरा वाजले होते आणि संध्याकाळी सहाला प्रदर्शनाचं उद्घाटन. फ्रेमवरची शेवटची धूळ झटकावी म्हणून मी मऊ ब्रश घेऊन वरच्या मोठ्या दालनात गेले आणि दारातच थबकले. मधल्या भिंतीवर काल संध्याकाळी आम्ही 'निळ्या खुर्चीतली बाई' टांगली होती. आता तिथे चित्र टांगायचे दोन आकडे होते, खाली नावाची पट्टी होती, आणि बाई नव्हती.

मी आधी बावळटासारखी भिंतीमागे जाऊन बघून आले. तिथे वायरींची भेंडोळी होती. कॅमेऱ्यांची जोडणी दुपारी व्हायची होती, म्हणजे तेही आंधळेच. मग मी खाली वाकले. भिंतीला लागून जमिनीवर फोमचे दोन ठोकळे नीट मांडलेले होते, बरोब्बर फ्रेमच्या रुंदीचं अंतर सोडून. आमच्याकडे कुणीही चित्र उघड्या फरशीवर टेकवत नाही. आधी ठोकळे, मग चित्र. चोराला एवढं कुठलं कळायला? हे काम आमच्यातल्याच कुणाचं तरी होतं.

मी कोण, ते सांगते. ह्या कलासंग्रहालयाच्या तळघरात माझी खोली आहे. लोक चित्रं बघायला येतात, मी चित्रांची दुखणी बघते. कुठे रंग सुटला, कुठे कापड सैल पडलं, ते दुरुस्त करते. तेवीस वर्षं झाली. आमचे बाबा ह्याच इमारतीत सुतार होते. फ्रेमा आणि पेट्या करायचे. त्यामुळे ह्या घराचा कोपरा न् कोपरा मला पाठ आहे.

आणि हे प्रदर्शन धाकटीचं. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, इथली क्युरेटर. कुठली चित्रं मागवायची, कुठल्या भिंतीवर काय लावायचं, सगळं तिनं ठरवलेलं. तीन वर्षं खपत होती. दालनाच्या दाराशी हातभर मोठ्या अक्षरांत तिचं नाव. माझं नाव आतल्या आभाराच्या यादीत, आग विझवणाऱ्या कंपनीच्या खाली. मला राग येतो का? येतो. मी तिच्यावर जळते का? जळते, आणि हे सगळ्या इमारतीला माहीत आहे.

म्हणूनच मी आरडाओरडा केला आणि सगळे धावत आले, तेव्हा सगळ्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

२

"गेटबाहेर काय गेलंय?" डायरेक्टर मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही मॅडम," वॉचमनकाका म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पर्सपेक्षा मोठी वस्तू सकाळपासून बाहेर सोडलेली नाही."

म्हणजे बाई इमारतीतच होती. चित्र तसं लहानच, हातभर उंच. एकट्या माणसाला सहज नेता येईल. त्या दिवशी प्रत्येक बोळात कापड टाकलेल्या ढकलगाड्या फिरत होत्या, कोण कुणाला विचारतो? साडेनऊला मी आणि धाकटीनं चित्र जागेवर पाहिलं होतं. म्हणजे जे झालं ते त्यानंतरच्या दीड तासात.

"उचलून कसं काढलं पण? मागे कुलूप असतं ना?"

फ्रेमच्या मागे एक छुपा स्क्रू असतो, तो खास चावीनंच फिरतो. अशा चाव्या दोनच. एक इथल्या सुतारकामाच्या मिस्त्रीकडे. तो सकाळपासून खालच्या हॉलमध्ये वीस माणसांच्या देखत स्टेज ठोकत होता आणि चावी त्याच्या कमरेला होती. दुसरी माझ्या खोलीत, दाराजवळच्या खिळ्याला.

मी बोलणार, तेवढ्यात धाकटी बोलली. आवाज अगदी मऊ.

"ताई, दुसरी चावी तुझ्याच खोलीत असते ना गं?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. खरं होतं ते. पण सगळ्यांसमोर, त्या वेळी, माझ्याच बहिणीनं बोलायचं?

मॅडम मला बाजूला घेऊन गेल्या. "हे बघा, चित्राच्या मालकीणबाई सहाला येणार आहेत. आपल्यावर विश्वास टाकून त्यांनी घरातलं चित्र दिलंय. मी पाच वाजेपर्यंत थांबते. त्यानंतर पोलीस. ते पहिला प्रश्न चावीचा विचारतील, आणि दुसरा विचारतील की इथे कोण कुणाच्या वाईटावर आहे. मला खोटं बोलता येणार नाही."

"म्हणजे माझी नोकरी गेली म्हणा की."

"चित्र शोधा," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकं ते कुणी ओळखत नाही."

माझ्या हातात साडेपाच तास होते. मी तळघरात धावले. चावी खिळ्यावर होती, पण उलटीकडून अडकवलेली. मी तिचं तोंड नेहमी भिंतीकडे ठेवते.

३

त्या सकाळी माझ्या खोलीत तिघं येऊन गेले होते. मी आठवून पाहिलं.

पहिले आले मोठे सर. सगळ्यांत जुने क्युरेटर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. हातात वर्तमानपत्र नाचवत आले आणि मोठ्यानं वाचायला लागले. प्रदर्शनावर अर्धं पान लेख होता. पण लेख कशावर? माझ्यावर! त्या चित्रावरचा पिवळा पडलेला लेप मी चार महिने कापसाच्या बोळ्यानं पुसून काढला आणि खाली करड्या खुर्चीच्या जागी निळी खुर्ची निघाली. तो सगळा किस्सा, वर माझा फोटो. धाकटी शेवटच्या ओळीत 'आणि इतर सहकारी' मध्ये. मी ते पान कात्रून भिंतीला लावलं. आई धाकटीच्या कौतुकाची कात्रणं वहीत चिकटवते, तीन वह्या झाल्यात. माझं हे पहिलंच. का नाही लावणार?

दुसरा आला मिस्त्री, स्टेजच्या कामातून दोन मिनिटं उठून, डिंक मागायला. तिसरी धाकटी, हातमोजे मागायला. मी तेव्हा फोनवर होते. मॅडम सांगत होत्या, "आज उद्घाटनाला चित्रापुढे उभं राहून तुम्हीच बोला. लोकांना निळ्या खुर्चीची गोष्ट ऐकायचीय." मी दोनदा मोठ्यानं "मी? मी बोलू?" असं विचारलं. फोन ठेवला तेव्हा धाकटी कात्रणासमोर उभी होती. "छान आलाय फोटो," म्हणाली आणि गेली.

तिघांपैकी कुणीही चावी उचलू शकलं असतं, आणि परत अडकवायला माझी खोली सकाळभर उघडीच होती. मी एकेकाला गाठलं.

मोठे सर आपल्या खोलीत चहा पीत बसले होते. चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता.

"मला आनंद झालाय, लपवू कशाला?" ते म्हणाले. "ह्या प्रदर्शनाची कल्पना नऊ वर्षांपूर्वी मी मांडली होती. तेव्हा म्हणाले, कोण बघायला येणार? आता तुझ्या बहिणीनं मांडली तर टाळ्या! पोटात दुखणार नाही तर काय होईल?"

"म्हणून तुम्ही चित्र काढलंत?"

"मी? अगं, माझ्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला तरी मी मिस्त्रीकडून पिळून घेतो." त्यांनी चष्मा पुढे केला. दांडीला दोरा गुंडाळलेला होता. मग एकदम गंभीर झाले. "पण काय गं, रंगाला धक्का नसेल ना लागला? नुकताच उघडा केलायस तू तो."

मिस्त्री स्टेजखाली आडवा पडून ठोकत होता. बाबा निवृत्त झाल्यावर बाहेरून आलेला माणूस. भिंती उभारायचं काम ह्या वेळी धाकटीनं बाहेरच्या कंपनीला दिलं, तेव्हापासून तो तिच्याशी सरळ बोलत नाही.

"मला काय करायचंय तुमच्या बाईला पळवून?" तो आतूनच ओरडला. "मला पळवायचं असतं तर त्या कंपनीवाल्याला पळवलं असतं!" मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "फ्रेमचा खालचा सांधा नाजूक आहे हां ताई. कुणी आडवी धरून नेली असेल तर गेलाच म्हणून समजा."

शेवटी धाकटी. ती दालनातच होती. दोन माणसांना घेऊन मधल्या भिंतीवर नदीचं मोठं चित्र लावायची मापं घेत होती.

"तू इथे मापं कसली घेतेस? चित्र शोधायला नको?"

"ताई, सहाला लोक येणार. भिंत बोडकी ठेवू का? प्रदर्शन एका चित्रावर उभं नसतं."

"आणि मगाशी सगळ्यांसमोर चावीचं बोललीस ते?"

"खोटं बोलले का?" तिनं टेप खटकन मिटवली. "मला कामं आहेत."

मी तिथून निघाले खरी, पण काहीतरी खटकत होतं. काय, ते सापडत नव्हतं. घड्याळात अडीच वाजले होते.

४

पेट्यांचं गोदाम माझ्या खोलीच्या पलीकडे आहे. बाहेरून आलेली चित्रं ज्या लाकडी पेट्यांत येतात, त्या पेट्या प्रदर्शन संपेपर्यंत तिथेच राहतात. वॉचमनकाका दारात वही घेऊन बसले होते.

"इथे बघितलंत?"

"पहिलं इथेच बघितलं. बाईची पेटी उघडून पाहिली, रिकामी. बाकीच्या एकवीसही रिकाम्या."

"उघडल्यात?"

"उघडायच्या कशाला? झाकणं उलटी आहेत की."

ही आमच्या संग्रहालयाची रीत, बाबांच्या आधीपासूनची. भरलेल्या पेटीचं झाकण सुलटं लावायचं आणि आठही स्क्रू पिळायचे. पेटी रिकामी झाली की झाकण उलटं ठेवायचं आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोनच स्क्रू लावायचे. लांबून बघितलं तरी कळतं. एवढी वर्षं ह्यात कधी चूक झालेली नाही, त्यामुळे उलट्या झाकणावर इथे सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास. डायरेक्टर मॅडमचासुद्धा. माझाही होता, त्या क्षणापर्यंत.

मी आत गेले. पेट्यांच्या चार रांगा होत्या. सगळी झाकणं उलटी. मी एकेका पेटीवरून हात फिरवत चालले. दोन स्क्रू. दोन स्क्रू. दोन स्क्रू. शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या मोठ्या पेटीपाशी माझा हात थांबला.

आठ.

झाकण उलटं आणि स्क्रू आठ! काकांना ते कळायचं कारण नव्हतं, ते पेट्या भरत नाहीत. पण ज्यानं आयुष्यभर चित्रं हाताळली, त्याला कितीही घाई असली तरी आत चित्र असताना दोन स्क्रूंवर पेटी सोडवत नाही. हातच तयार होत नाही. लपवणाऱ्यानं लोकांना फसवायला झाकण उलटं केलं आणि मग सवयीनं आठही स्क्रू पिळले. मी पेटीचा कोपरा जरासा उचलून पाहिला. शेजारच्या पेटीहून जड होती. बाई सापडली होती!

मी काकांना हाक मारणार होते. तोंड उघडलंही. पण माझी नजर पुन्हा त्या स्क्रूंवर गेली आणि मी खाली वाकले.

आठही स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा सरळ उभ्या होत्या. एकही तिरकी नाही.

मिस्त्री सगळं मशीननं पिळतो. त्याच्या खाचा जिथे थांबतील तिथे थांबतात, वर डोकी खरवडलेली. मोठ्या सरांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर मी जन्मात पाहिलेला नाही. खाचा उभ्या ठेवायची खोड एकाच माणसाची होती, आमच्या बाबांची. "शेवटचा अर्धा वेढा डोळ्यांनी पिळायचा," म्हणायचे. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. आता असं पिळणाऱ्या व्यक्ती जगात दोनच. त्यातली एक मी, आणि ते मी केलेलं नव्हतं.

तेव्हा मगाचं खटकणंही उलगडलं. चित्र गेलं म्हटल्यावर मोठ्या सरांनी, जळक्या मनानं का होईना, रंगाची काळजी केली. मिस्त्रीनं फ्रेमच्या सांध्याची केली. जिनं हे चित्र मागून आणलं, जिच्या जबाबदारीवर ते होतं, ती एकदाही म्हणाली नाही की ते सुखरूप असेल ना? कारण तिला माहीत होतं.

५

मी फोन करून तिला खाली बोलावलं. काकांना चहाला पाठवलं. ती आली, मी पेटीसमोर स्क्रू-ड्रायव्हर धरून उभी होते.

"उघड," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि एकेक करून आठही स्क्रू काढले. आत स्वच्छ पांढऱ्या चादरीत, चारही बाजूंनी उशा लावून, बाई सुखरूप होती. माझ्या मुलीला मी एवढं जपून निजवलं नसेल.

"का?" मी विचारलं. "तुझंच प्रदर्शन, तुझंच चित्र!"

"माझं?" ती एकदम उसळली. "काय माझं आहे त्यात? तीन वर्षं मी लोकांच्या दारात जोडे झिजवले. त्या मालकीणबाईंकडे अकरा वेळा गेले. आणि पेपरात कोण? तू! आज बोलणार कोण? तू! उद्यापासून लोक म्हणणार, ते निळ्या खुर्चीचं प्रदर्शन, त्या ताईंनी साफ केलेलं. मी 'इतर' झाले, ताई. परवा सापडलं असं म्हणून काढणार होते बाहेर. एक दिवस, फक्त एक दिवस प्रदर्शन माझं असावं असं वाटलं."

"आणि त्यासाठी मला चोर ठरवलंस?"

तिनं मान खाली घातली. "ते तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

"खाचा उभ्या ठेवल्यास तू. बाबांनी दोघींना शिकवलं, तेच तुला नडलं."

"दोघींना?" ती हसली, पण डोळे भरून आले होते. "मला कधी शिकवलं बाबांनी? तुला शेजारी बसवून शिकवायचे. मला म्हणायचे, तू अभ्यास कर, तुझं हे काम नाही. मी दाराआडून तुझे हात बघून शिकले. सगळं जन्मभर तुझंच बघत आलेय मी."

आता जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते, पण सांगते. माझी नोकरी जाता जाता वाचली होती, सख्ख्या बहिणीनं माझ्यावर आळ येऊ दिला होता, आणि माझ्या मनात काय आलं? आनंद. भिंतीवर नाव असलेली, आईच्या तीन वह्यांतली, माझी हुशार धाकटी माझ्यावर जळत होती! माझ्यावर! चार वाजता त्या गोदामात मी इतकी खूश होते की मला हसू आवरेना. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू आपोआप गेलं.

आम्ही दोघींनी मिळून चित्र वर नेलं आणि टांगलं. मागचा स्क्रू तिनं पिळला. साडेचारला डायरेक्टर मॅडम आल्या. मागोमाग मोठे सर आणि मिस्त्री. मॅडमनी चित्राकडे पाहून डोळे मिटले आणि उघडले.

"कुणी?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून ती असंच बघते. फुलदाणी फुटली की, खोटं बोललेलं उघडं पडलं की, आणि प्रत्येक वेळी मी पुढे होते. मॅडमना नुसतं 'खोलीत राहिलं होतं, माझीच चूक' म्हटलं असतं तरी चाललं असतं. शब्द ओठांवर होते.

मी गप्प राहिले.

मग ती म्हणाली, "मी, मॅडम. मीच."

६

मॅडमनी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "पुढची दोन वर्षं प्रदर्शनं बंद. तुम्ही ग्रंथालयात बसा. आज पुढे येऊ नका. ठरल्याप्रमाणे तुमच्या ताईच बोलतील." त्यांनी मालकीणबाईंना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडचं ऐकून घेतलं. मग मॅडम म्हणाल्या, "येतायत."

मोठे सर माझ्या कानाशी कुजबुजले, "आता पुढचं प्रदर्शन माझ्याकडे येणार बघ." त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला चीडच आली.

सहाला दालन खच्चून भरलं. मालकीणबाई पहिल्या रांगेत. माझ्या हातात माइक, पाठीशी निळ्या खुर्चीतली बाई, समोर तीनशे माणसं, आणि ती सगळी माझ्याकडे बघत होती. तेवीस वर्षं तळघरात बसून मी जे मागत आले होते, ते अख्खंच्या अख्खं समोर उभं होतं. मागे, दाराजवळ, धाकटी. घरी जायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून थांबली असेल.

मी निळ्या खुर्चीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. कापसाचा बोळा, पिवळा लेप, सगळं पाठ होतं.

"ही खुर्ची मी पुसली," मी म्हटलं. "पुसणं सोपं असतं, चित्र समोर असतं. पण हे चित्र इथे यायला पाहिजे, ह्या भिंतीवर यायला पाहिजे, ह्याच्या डाव्या हाताला ते अंगणाचं चित्र यायला पाहिजे म्हणजे दोन्हींतला उजेड एकच आहे हे कळेल, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. ते जिला सुचलं ती मागे दाराशी उभी आहे. आज तिच्या हातून एक मोठी चूक झाली, ती तिनं कबूल केली. पण तुम्ही आज जे बघायला आलाय ते तिचं आहे. माझी धाकटी बहीण आहे ती."

तीनशे माना मागे वळल्या. मग मालकीणबाई उठल्या, काठी टेकत सगळ्या गर्दीतून मागे गेल्या आणि त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनातच. मिस्त्रीसुद्धा वाजवत होता. धाकटी रडत होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी माइक धरून एकटी उभी होते. चार महिने मान मोडून पुसलेलं चित्र माझ्या मागे होतं आणि त्याच्याकडे एकही माणूस बघत नव्हता. टाळ्या सगळ्या तिच्या. मीच मिळवून दिलेल्या, माझ्या तोंडानं. आणि खरं सांगू? माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.